कोयनेचा हिशोब आणि रिकाम्या चौकटी

आयटीत नोकरी लागली की पहिल्या वर्षभरात दोन गोष्टी हमखास घडतात. एक, कुणीतरी तुम्हाला एखाद्या संस्थापकाची गोष्ट सांगणारं पुस्तक वाचायला देतं. आणि दोन, 'जरा एक्सेलमध्ये टाकून दे ना' हे वाक्य तुमच्या आयुष्यात कायमचं मुक्कामाला येतं. या दोन्हींचा एकमेकांशी जवळचा संबंध आहे, आणि तो शोधायला मी तुम्हाला थेट कोयनानगरला नेणार आहे. कंटाळा आला तर धरण बघून परत या!

आधी पुस्तकांविषयी. यातल्या गोष्टींचा साचा ठरलेला असतो. 1981 साली पुण्यात बायकोने दिलेल्या दहा हजार रुपयांवर सुरू झालेली इन्फोसिस आपल्याला तोंडपाठ असते. शेवटी शेअर बाजार, शेवटी आकडा. पण जेसिका लिव्हिंगस्टनच्या 2007 सालच्या 'फाउंडर्स ॲट वर्क'मध्ये डॅन ब्रिकलिनची मुलाखत आहे, आणि तिथे हा साचा मोडतो.

ब्रिकलिन 1978 साली हार्वर्डला बिझनेस शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर आडव्या-उभ्या रकान्यांत हिशोब मांडायचे. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसा आणि पुन्हा लिहा! ब्रिकलिनला वाटलं, हे पुसणं आणि लिहिणं यंत्राने का करू नये? त्याने एक कच्चा नमुना केला, आणि बॉब फ्रँकस्टनने खरा प्रोग्राम लिहिला. 1979 च्या ऑक्टोबरमध्ये 'व्हिझिकॅल्क' ॲपल टू वर विकायला आलं. त्याच्यासाठी लोक ॲपल टू विकत घेऊ लागले. तोवर छंदाची वस्तू असलेला कॉम्प्युटर ऑफिसच्या टेबलावर आला तो असा.

पुढे 1983 साली मिच केपरचं लोटस वन-टू-थ्री आलं. केपरचा पहिल्या वर्षाचा अंदाज दहा लाख डॉलरचा होता, विक्री झाली 5.3 कोटींची. 1985 साली लोटसने ब्रिकलिनची कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं एक्सेल मॅकवर आलं, 1987 साली विंडोजवर. व्हिझिकॅल्कचं पेटंट नव्हतं, कारण त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळणं फार अवघड मानलं जाई. थोडक्यात काय, ज्याने शोध लावला तो अब्जाधीश झाला नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात कोयना कुठे आली?

कोयना हा स्प्रेडशीटच्या आधीपासून चालत आलेला स्प्रेडशीट आहे. शिवसागर जलाशयात साधारण 105 टीएमसी पाणी मावतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यातलं 67.5 टीएमसी पाणी वर्षाला पश्चिमेकडे वळवून वीज करायला दिलं. हे वर्ष 1 जूनला सुरू होतं. बाकीचं पाणी पूर्वेकडे, म्हणजे कोयना आणि कृष्णेतून कराड-सांगलीच्या बाजूला. हिशोबाचं सूत्र सोपं आहे: आजचा साठा म्हणजे कालचा साठा, अधिक आवक, वजा विजेला गेलेलं पाणी, वजा नदीत सोडलेलं, वजा बाष्पीभवन. पण एका दिवसाची आवक दुरुस्त केली की पुढच्या प्रत्येक दिवसाचा साठा बदलतो. हार्वर्डच्या फळ्यावरचं दुखणं तेच! फरक इतकाच की इथे आकडा चुकला तर गुण जात नाहीत. उन्हाळ्यात पाणी अडतं आणि ऑगस्टमध्ये सांगलीत पूर येतो. 2005 आणि 2019 चे पूर सांगलीकर विसरलेले नाहीत.

आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाची एक मुळी वीज-उद्योगातच आहे, हेही जाता जाता सांगतो. टीसीएस 1968 साली मुंबईत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिची सूत्रं फकीरचंद कोहलींकडे आली. हे कोहली टाटा इलेक्ट्रिकमधले. कोणतं वीजकेंद्र किती चालवायचं आणि वीज कुठे पाठवायची, हे ठरवणारी यंत्रणा उभारणारा माणूस. त्याच सुमारास, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि कोयनेच्या विजेवर चालणारे मुंबई-पुण्याचे कारखाने अडले. एक गाव हादरलं की किती रकाने बदलतात, हे तेव्हा राज्याला कळलं.

मग एक्सेल या भागात कसं पोचलं? संस्थापकांची पुस्तकं वाचून नक्कीच नाही. 2001 साली एमकेसीएलने एमएस-सीआयटी सुरू केलं. सरकारी नोकरीसाठी संगणकाची परीक्षा लागते म्हटल्यावर तालुक्या-तालुक्यात दोन खोल्यांची सेंटरं निघाली. ग्रामसेवक, शिक्षक, क्लार्क, बारावी झालेली पोरं-पोरी, सगळे एका रांगेत बसून माउस धरायला शिकले. मराठीत समजावलेलं एक्सेल, सम, ॲव्हरेज, परीक्षा, सर्टिफिकेट. आपण पुण्या-मुंबईतली मंडळी या कोर्सला नाक मुरडतो. पण माझ्या मते महाराष्ट्राच्या सॉफ्टवेअरच्या इतिहासात ही सेंटरं इन्फोसिसच्या पहिल्या ऑफिसाइतकीच महत्त्वाची आहेत. ब्रिकलिनचं हत्यार, जो रोज हिशोब लिहितो त्याच्या हातात, इथे पोचलं.

पण इथेच एक गोची आहे.

एक्सेलचा सम रिकाम्या चौकटींना हात लावत नाही. चौकट रिकामी असली तरी बेरीज येते, आणि ती पूर्ण असल्यासारखी दिसते. कोयनेच्या हिशोबात अशी चौकट आहे. धरणासाठी खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड अशी विखुरली. विजेचा पहिला टप्पा 1962 साली सुरू झाला, आणि राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली! म्हणजे पाणी आधी अडलं, वीज आधी निघाली, माणसांचा रकाना नंतर आखला. 2018 साली, धरणाला अर्धशतक उलटल्यावरही, प्रकल्पग्रस्त कोयनानगरला ठिय्या मांडून बसले होते, श्रमिक मुक्ती दलाबरोबर, जमिनीच्या मागणीसाठी. अशा कामात 'संकलन' हा शब्द सारखा कानावर येतो. कोणाची किती जमीन गेली, घरात खातेदार किती, बदल्यात काय मिळालं, याची यादी म्हणजे संकलन. यादीत नाव नसेल तर हक्क नाही. आणि आजोबांचं नाव नसेल तर नातवाने ते सिद्ध कसं करायचं?

म्हणून मला वाटतं, संस्थापकांच्या पुस्तकांत एक प्रकरण कमी आहे. हत्यार कोणी बनवलं, ते कितीला विकलं, हे त्यांत असतं. ते हत्यार हातात आल्यावर पहिली ओळ कोणाची लिहिली गेली, हे नसतं. वीज किती युनिट निघाली हा रकाना पहिल्या दिवसापासून चोख भरला गेला. तो भरायला पैसा होता, माणसं होती, मीटर होते. दुसऱ्या रकान्याला मीटर नव्हता.

आपण रोज टेबलं डिझाइन करतो. कुठलं फील्ड सक्तीचं आणि कुठलं रिकामं चालेल, हे आपण चहा पिता पिता ठरवून टाकतो. सोमवारी तो निर्णय घेताना फक्त एवढं विचारा: ही चौकट रिकामी राहिली तर अडणार कोण? प्रोग्राम तर अडत नाहीच. असो. वीकेंड संपत आला, बाकी तुम्ही बघा.