गोणाई : नामदेवांची आई, नारा-विठाची आजी



आपल्या पणजोबांचे नाव विचारले तर घरातले कुणी ना कुणी सांगते. ते सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर सापडते, नाहीतर भावकीच्या तोंडी असते. पणजीचे नाव विचारा, बहुतेक घरांत गप्प बसावे लागते. माहेरचे नाव लग्नात बदलले आणि सासरचे नाव ‘अमक्याची आई’ म्हणता म्हणता विरून गेले. म्हणूनच आज मी अशा एका आईविषयी, आजीविषयी बोलणार आहे, जिचे नाव सातशे वर्षे टिकले. ती आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. तिचे नाव गोणाई.

कयाधूच्या काठचे नर्सी आपल्या सगळ्यांना माहीत आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून आपण त्याला नर्सी नामदेव म्हणतो. काही अभ्यासक त्यांचा जन्म पंढरपूरचा मानतात, पण घराणे नर्सीचे. नामदेवांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे इ. स. १२७० चा. वडील दामाशेटी, धंदा शिंप्याचा. आणि आई गोणाई.

तिने मूल मागितले ते नवस करून, असे जनाबाईंच्या नावावरील अभंगात आले आहे. नवसाचा मुलगा मोठा झाला, राजाईशी त्याचे लग्न झाले, लेकरे झाली. पण त्याचे मन ना कपड्यात लागले ना कात्रीत. तो देवळात रमला. नवसाने मागितलेले पोर देवानेच ओढून नेले, हे गोणाईचे दुःख होते.

आता हे घर केवढे होते ते पाहू. दामाशेटी आणि गोणाई. नामदेव आणि राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चार सुना. मुलगी लिंबाई, नामदेवांची बहीण आऊबाई, आणि जनी. मोजले तर पंधरा माणसे. ही नावे आपल्यापर्यंत आली ती अभंगांमुळे. जनी म्हणजे संत जनाबाई, गंगाखेडची. ती लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली, तिथेच राबली आणि तिथेच वाढली. म्हणजे गोणाईच्या हाताखाली पोटची लेकरे होती, नातवंडे होती, आणि दुसऱ्याच्या पोटची ही पोरही होती. पंधरा तोंडांसाठी रोज पीठ किती लागत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. जात्याच्या गोष्टी जनाबाईंच्या अभंगांत इतक्या का येतात, तेही त्यावरून कळते.

नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि नामदेव यांच्या संवादाचे अभंग आहेत. ते गोणाईने स्वतः रचले की तिच्या तोंडी घातले गेले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण त्यांतली आई खरीखुरी आहे. ती मुलाला म्हणते की नऊ महिने तुला पोटात वाहिले, आणि तू घर विसरलास. शिवणटिपण सोडलेस, लोकांची मुले संसार सांभाळतात, तू का नाही? मुलगा ऐकत नाही तेव्हा ती थेट विठोबाकडे जाते आणि त्याच्याशी भांडते की माझा नामा मला परत दे. सूनही मागे नाही. राजाई आपले गाऱ्हाणे रखुमाईकडे नेते. एका घरातल्या सासू-सुना, आणि दोघींची तक्रार एकच.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आईची आठवण लिहायची म्हटले की आपण तिला गोड करून टाकतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि मराठी मनात आई म्हणजे संस्कार देणारी, सोसणारी अशी मूर्ती पक्की झाली. ती आई आपल्याला प्रिय आहेच. पण गोणाई वेगळी आहे. ती चिडते, हिशेब मागते, देवालाही सोडत नाही. नामदेवांची थोरवी सर्वांना मान्य झाल्यावरही तिचे हे बोलणे कुणी गाथेतून पुसून टाकले नाही. वारकऱ्यांनी ते जपले. मुलगा संत झाला म्हणून आईची चूल आपोआप पेटत नव्हती, हेही त्यांनी आपल्याला सांगून ठेवले.

नामदेव पुढे ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रेला गेले. औंढा नागनाथला विसोबा खेचर त्यांना गुरू भेटले, अशी आपल्याकडची परंपरा. नंतर ते पंजाबात पोहोचले. घुमान गावात आजही त्यांची आठवण आहे, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. मुलाचे नाव इतक्या दूर गेले. त्या वाटेवर तो चालत होता, तेव्हा पंधरा माणसांचा संसार घरातल्या बायांनी ओढला.

शके १२७२, म्हणजे १३५० मध्ये नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात समाधी घेतली, असे मानतात. तिथल्या नामदेव पायरीशी त्यांच्या घरच्यांचीही आठवण जोडलेली आहे. सून लाडाई बाळंतपणासाठी गेलेली होती म्हणून ती मागे राहिली आणि तिच्यामुळे वंश चालला, असे सांगतात.

गोणाईचे नाव टिकले, कारण घरातल्या माणसांनी तिच्याविषयी बोलून ठेवले. मुलाने, सुनेने, आणि आश्रयाला आलेल्या जनीने. तिची माया सांगितली, आणि तिचा रागही.

तर मैत्रिणींनो, आज एवढे करा. आई, मावशी, आत्या, जी कुणी वडीलधारी घरात असेल तिला विचारा की तुझ्या आजीचे नाव काय होते, माहेर कुठले, ती कशावरून भांडायची, काय म्हणायची. लेकराच्या वहीच्या शेवटच्या पानावर का होईना, तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. तिची तक्रारही तशीच लिहा. ती गाळली, तर त्या घराचा खर्च, भूक आणि कष्ट पुढे कुणाला कळणार नाहीत.