बरा झालेला विद्यार्थी

पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. समिती १९५१ ची. डॅप्सोन हे गुणकारी औषध तेव्हा नवेच होते. पण औषधाने जंतू मरतात, गेलेली संवेदना परत येत नाही. बधिर बोटाला तवा भाजतो आणि ते कळतही नाही! अशा बोटांच्या मुलाने शाळा संपविल्यावर पुढे काय, हा प्रश्न आम्हांस औषधाइतकाच मोठा वाटतो. डॉक्टर म्हणतो, बरा झाला. शाळा दाखला देते. कारखानदार मात्र बोटे पाहतो. जो तो आपले काम चोख करतो आणि मुलगा दारातच उभा राहतो.

ही दारे जोडण्याचा सरकारी यत्न नेऱ्याहून फारशा दूर नसलेल्या मुंबईत झाला. १९५९ साली तेथे अपंगांसाठी देशातील पहिले स्वतंत्र सेवायोजन कार्यालय निघाले, १९६८ साली व्यवसाय पुनर्वसन केंद्र. एकाने नोकरी शोधावी, दुसऱ्याने हाताला काय झेपेल ते पारखावे.

१९९५ च्या कायद्याची कथा मात्र विलक्षण आहे. अपंगत्वाच्या व्याख्येत त्याने कुष्ठमुक्तांना घेतले. सरकारी नोकऱ्यांतील ३ टक्के वाटा ठरविताना अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग ही नावे लिहिली, यांचे राहिले. ते येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. निराधार रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदाही त्याच वर्षी रद्द झाला.