विरंजन खात्यातील माणसे

मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याची हकीकत बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत अजून सांगितली जाते. खंडेराव महाराज गायकवाडांच्या देणगीतून तो १८७२ मध्ये उभा राहिला. ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर हरी चापेकरांनी त्याला डांबर फासले. तो डाग रसायनांच्या साहाय्याने काढला प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनाचे ते पहिले प्राचार्य होते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या अलेंबिक केमिकल वर्क्सच्या उभारणीतही गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन ही नावे एकत्र येतात. बडोद्याच्या रसायनविद्येचा हा इतिहास मानाचा आहे आणि तो लिहिला गेला आहे.

डाग काढण्याच्या याच विद्येवर ज्यांचे पोट चालले, त्या गिरणीकामगारांचा इतिहास मात्र घरांतच राहिला. मागावरून उतरलेले कोरे कापड पिवळट असते. ते प्रथम कॉस्टिक सोड्यात उकळीत, मग ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात बुडवीत, नंतर सौम्य तेजाबातून काढून भरपूर पाण्याने धूत. या कामाला शास्त्रीय नाव विरंजन. ब्लीचिंग पावडर आणि तेजाब एकत्र आले की क्लोरीन वायू मोकळा होतो. हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने तो खालीच साचतो आणि श्वासाबरोबर आत गेल्यास फुप्फुसातील ओलाव्याशी मिळून आम्ल तयार करतो. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शस्त्र म्हणून सोडला तो हाच वायू. गिरणीच्या हौदाकाठी त्याचे प्रमाण थोडे असे, पण तो रोजचा असे.

आमचे आजोबा शहरातील एका कापडगिरणीच्या विरंजन खात्यात होते. ते घरी आले की आधी मोरीत हातपाय धूत, मगच मुलांना जवळ घेत. त्यांची धोतरे आजी वेगळी भिजवी, कारण तेजाबाच्या शिंतोड्यांनी त्यांची चाळण झालेली असे. बोटांच्या भेगांत रात्री खोबरेल तेल जिरवणे आणि घशासाठी गुळाचा खडा देणे, एवढाच तिच्या हाती उपाय होता. पुढे आजोबांचा वास घेण्याचा गुण गेला. चुलीवर दूध करपले तरी त्यांना कळत नसे आणि मुले त्यावर हसत. पहाटेच्या खोकल्याला घरात ‘थंडीचा खोकला’ म्हणत. त्याचा संबंध कामाशी आहे, हे कोणी मोठ्याने बोलले नाही; त्याच पगारावर दोन मुलांचे शिक्षण चालले होते.

कायद्याची पावले सावकाश पडली. कामावरील इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये आणि कारखान्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला. परंतु आपण हाताळतो त्या पदार्थाचा धोका जाणून घेण्याचा कामगाराचा हक्क कारखाना कायद्यात स्पष्टपणे आला तो १९८७ च्या दुरुस्तीने, तोही डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळने अपार किंमत मोजल्यानंतर. आजोबांची नोकरी त्याआधीच संपली होती. गिरणीच्या वह्यांत कापडाचे तागे मोजले गेले. खोकल्याची नोंद ठेवण्याचे खाते तेथे नव्हते. ती नोंद ठेवली घरातील बायकांनी, आणि तीही केवळ सवयींच्या रूपाने.

आजीची एक सवय आमच्याकडे आजही पाळली जाते. तेजाबाची बाटली आणि ब्लीचिंग पावडरचा डबा ती कधी एका फळीवर ठेवीत नसे, आणि मोरी घासताना दोन्ही एकाच वेळी वापरू देत नसे. तिने रसायनशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते; नवऱ्याच्या छातीतून जे ऐकले, त्यावरून ती शिकली होती. आजच्या न्हाणीघरातही त्याच दोन वस्तू नव्या नावांनी शेजारी उभ्या असतात.

आपल्या वसाहतींचे इतिहास लिहिताना आपण सरदार, दिवाण, शिक्षक आणि गवई यांची चरित्रे आवर्जून जमवतो. ती हवीतच. त्यांच्या जोडीला गिरणी, रंगशाळा, धुलाई यांत राबलेल्यांची नावे, खाती आणि दुखणी घरोघरी विचारून लिहून घ्यावीत, असे आम्हांस वाटते. ज्यांनी ती दुखणी जवळून पाहिली, त्या पिढीतील थोडीच माणसे आता उरली आहेत.