चिरनेर, जासई, पागोटे: रायगडमधली गावं गोळीबारात गेलेल्यांचा शोक दरवर्षी एकत्र का पाळतात?

पेण तालुक्यातल्या गडबपासून उरणपर्यंतच्या पट्ट्यात तुमचे नातेवाईक किंवा मित्र असतील, तर वर्षातल्या तीन तारखांना तुमच्या मोबाइलवर ठरावीक फोटो येतात. २५ सप्टेंबरला चिरनेरचा हुतात्मा स्तंभ, १६ जानेवारीला जासईचं स्मारक आणि १७ जानेवारीला पागोटे. खाली 'विनम्र अभिवादन' आणि नावांची यादी.

ही नावं कोणाची आहेत? ही माणसं कशी गेली? आणि चाळीस, नव्वद वर्षांनंतरही गावं हा दिवस का पाळतात? समजून घेऊया.

२५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरमध्ये काय झालं?

१९३० हे सविनय कायदेभंगाचं वर्ष. दांडीला मीठ उचललं गेलं आणि देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण जिथे समुद्र नाही तिथे मोडायचा कोणता कायदा? महाराष्ट्रात त्याचं उत्तर मिळालं जंगलाच्या कायद्यात. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगलातलं गवत, लाकूड, चराई यांवर सरकारची पकड घट्ट केली होती. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला आणि हे लोण राज्यभर पसरलं.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, समुद्र होताच. पण इथल्या गावांची चूल डोंगरातल्या फाट्यावर पेटायची, नांगराचं लाकूड तिथूनच यायचं आणि गुरंही तिथेच चरायची. कातकरी आणि ठाकर वाड्यांचं तर अख्खं जगणं जंगलावर होतं. त्यामुळे जंगलबंदी ही इथे रोजच्या जेवणाशी जोडलेली गोष्ट होती.

उरण तालुक्यातल्या चिरनेरजवळ अक्कादेवीचा डोंगर आहे. २५ सप्टेंबरला आसपासच्या गावांतली आगरी, कोळी, कातकरी आणि इतर समाजांची माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन तिथे जमली. झाडं तोडून कायदा मोडायचा, एवढाच बेत होता. पोलिसांनी जमावावर गोळीबार केला.

हुतात्म्यांच्या यादीत सहसा ही आठ नावं दिसतात: धाकू गवत्या फोफेरकर, नवश्या महादेव कोळी, रामा बामा कोळी, आनंदा माया पाटील, रघुनाथ मोरेश्वर न्हावी, परशुराम रामा पाटील, हसुराम बुधाजी पाटील आणि आलू बेमट्या म्हात्रे. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी मारले गेले. पुढे गावकऱ्यांची धरपकड झाली आणि खटला चालला.

या यादीतली आडनावं पाहा. कोळी आहेत, पाटील-म्हात्रे आहेत, न्हावी आहेत. ही माणसं एकाच गावची नव्हती. त्यामुळे शोकही एका गावाचा राहिला नाही.

नववं नाव कोणाचं?

या पट्ट्यातले आदिवासी आणखी एक नाव घेतात: नाग्या महादू कातकरी.

आठ नावांच्या यादीत ते नाव नसतं. कातकरी समाजाच्या स्मरणात मात्र नाग्या हा अक्कादेवीच्या जंगलात गोळीला बळी पडलेला तरुण आहे. त्याच्या नावाने अभिवादन होतं, फलक लागतात, आदिवासी वाड्यांतली माणसं जमतात.

एका नावासाठी एवढा आग्रह कशासाठी? कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. इंग्रजांनी कातकऱ्यांना 'गुन्हेगार' ठरवून त्यांच्यावर पाळत ठेवली. आजही अनेक कातकरी कुटुंबांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. वीटभट्टीच्या कामासाठी वर्षातले काही महिने गावाबाहेर जावं लागतं, त्यामुळे मुलांची शाळा सुटते. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्यांचं नाव निदान हुतात्म्यांच्या ओळीत तरी असावं, ही मागणी त्यातून येते. देशासाठी आमचंही रक्त सांडलं, हे सांगण्याची जागा त्यांना तिथे दिसते.

सार्वजनिक शोकाचा हा एक महत्त्वाचा भाग आहे. कोणासाठी रडायचं हे ठरतं, तेव्हा कोणाला आपलं मानायचं हेही ठरत असतं.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला काय झालं?

चिरनेरचा गोळीबार परक्या सरकारने केला होता. दुसरा गोळीबार स्वतंत्र भारतात झाला, हा मोठा फरक आहे.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेण्याचं ठरलं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजापुढे प्रश्न उभा राहिला: जमीन गेल्यावर खायचं काय? त्यात न्हावा-शेवा बंदराचा प्रकल्प आला. मोबदला वाढवून द्या आणि शहर उभं राहिल्यावर त्यात आम्हालाही वाटा द्या, अशी मागणी घेऊन शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावं रस्त्यावर उतरली. बायकाही मोठ्या संख्येने होत्या.

१६ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात नामदेव शंकर घरत आणि रघुनाथ अर्जुन ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळीबार झाला आणि पागोटे गावचे कमळाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील गेले. दोन दिवसांत पाच माणसं.

त्यातून मिळालं काय?

साडेबारा टक्के. नवी मुंबईत हा शब्द प्रत्येकाने ऐकलेला असतो, पण त्यामागची पाच नावं फार कमी जणांना माहीत असतात.

संपादित झालेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, अशी ही योजना. म्हणजे शहर वसल्यावर जमिनीचा भाव वाढतो, त्या वाढीत ज्याची जमीन गेली त्यालाही हिस्सा. १९८४ च्या लढ्यामुळे हे तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं.

पण मान्य होणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्या बंदरासाठी जमीन दिलेल्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रं द्यायला सुरुवात झाली ती ऑगस्ट २०१४ मध्ये, पंतप्रधानांच्या उरण दौऱ्यात. गोळीबारानंतर तीस वर्षांनी. तोवर जमीन देणाऱ्यांच्या पिढीतली कित्येक माणसं हयात नव्हती.

म्हणूनच १६ आणि १७ जानेवारीच्या सभा फक्त हार घालण्यापुरत्या नसतात. हुतात्म्यांना अभिवादन झालं की भाषणं सुरू होतात ती गावठाण विस्तारावर, गरजेपोटी बांधलेल्या घरांवर, बंदरातल्या नोकऱ्यांवर. बाहेरच्या माणसाला वाटतं, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात राजकारण कशाला आणलं? इथल्या माणसाच्या दृष्टीने ते वेगळं काढताच येत नाही. ज्या मागणीसाठी माणूस गेला, ती अपुरी असेल तर तिचं नाव घेणं हीच श्रद्धांजली.

शोक घराचा असतो, मग तो गावाचा कसा होतो?

आपल्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणून देतात. सुतक, दहावं, बारावं या दिवसांत भाऊबंद आणि गाव त्या घराला एकटं सोडत नाहीत. मयताला जाणं हे आमंत्रणाशिवाय पाळायचं कर्तव्य मानलं जातं. भांडण असलं तरी त्या दिवशी माणूस दारात जातो.

सरकारी गोळीने माणूस गेला की त्याच्या घरावर दुहेरी संकट येतं. कमावता हात जातो आणि वर गुन्हेगाराचं घर असा शिक्काही बसू शकतो. पोलिस पुन्हा येतील, या भीतीने लोक त्या घरी जायला कचरतात. अशा वेळी गाव उघडपणे त्या घरामागे उभं राहिलं, तर ते एक विधान असतं: हा गुन्हेगार नव्हता, हा आमचा होता. वर्षश्राद्ध घरापुरतं न ठेवता चौकात पाळणं, स्तंभ उभारणं, हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना मान देणं ही त्याच विधानाची पुढची पायरी.

चिरनेरच्या कार्यक्रमात एक गोष्ट नवख्या माणसाला चटकन खटकते. तिथे हुतात्म्यांना पोलिस मानवंदना देतात, बंदुकीच्या फैरी हवेत झाडतात. ज्या खात्याच्या गोळीने माणसं गेली, तेच खातं आज त्यांच्यासमोर उभं राहून सलामी देतं. राज्य बदललं म्हणून हे शक्य झालं. पण गावांनी तो दिवस सोडून दिला असता, तर सलामी द्यायला कोणी आलंच नसतं.

असं महाराष्ट्रात आणखी कुठे होतं?

सर्वांत ठळक उदाहरण नागपूरचं. २३ नोव्हेंबर १९९४ ला आदिवासी गोवारी समाजाचा मोर्चा हिवाळी अधिवेशनावर गेला होता. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. संध्याकाळी पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि मुलं मोठ्या संख्येने होती. तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला.

आज झीरो माइलजवळच्या गोवारी शहीद स्मारकावर दरवर्षी २३ नोव्हेंबरला विदर्भातल्या गावागावांतून माणसं येतात. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. मागणीचं काय झालं? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये समाजाच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. स्मारक मिळालं, पण ज्यासाठी मोर्चा निघाला होता ते हाती आलं नाही.

आणि बाहेर?

झारखंडमधल्या खरसावाँला १ जानेवारी १९४८ ला पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर गोळीबार केला. मृतांचा आकडा आजही वादात आहे. जग नवं वर्ष साजरं करतं, तेव्हा तिथले आदिवासी शहीद स्थळावर जमतात. राजस्थान-गुजरात सीमेवरच्या मानगढला १७ नोव्हेंबर १९१३ ला गोविंद गुरूंच्या भिल्ल अनुयायांवर इंग्रजांच्या फौजेने गोळ्या झाडल्या. तो डोंगर आज भिल्लांचं श्रद्धास्थान आहे.

ऑस्ट्रेलियात २६ जानेवारी १९३८ ला इंग्रजांच्या आगमनाची १५० वर्षं साजरी होत होती. त्याच दिवशी सिडनीत तिथल्या मूलनिवासींनी सभा घेऊन 'शोकदिन' पाळला आणि समान नागरिकत्व मागितलं. देश वेगळा, पद्धत तीच: आधी गेलेल्यांची आठवण, मग राहिलेल्यांचा हक्क.

आगरी-कोळी समाजाला 'आदिवासी' म्हणायचं का?

कायद्याच्या भाषेत सरसकट नाही. कातकरी, ठाकर, महादेव कोळी या अनुसूचित जमाती आहेत, तर आगरी इतर मागासवर्गात येतात. आगरी आणि किनाऱ्यावरचे कोळी स्वतःला 'भूमिपुत्र' म्हणवतात, म्हणजे या जमिनीवरचे आणि खाडीवरचे मूळ रहिवासी. शोकात आणि लढ्यात हे सगळे अनेकदा एकत्र आले आहेत, पण त्यांची परिस्थिती सारखी नाही. ज्याची सातबाऱ्यावर जमीन होती त्याला साडेबारा टक्के मागता आले. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, त्या कातकऱ्याला मागायलाही कागद नव्हता.

आज याचा संबंध काय?

दि. बा. पाटील २४ जून २०१३ ला गेले. नवी मुंबई विमानतळाला त्यांचं नाव द्यावं, यासाठी १० जून २०२१ ला भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली आणि २४ जूनला, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर मोर्चा नेला. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला. त्या आंदोलनात १९८४ च्या पाच जणांची नावं पुन्हा घेतली गेली, आणि ती घेणाऱ्यांत गोळीबारानंतर जन्मलेली पोरं मोठ्या संख्येने होती.

पेण तालुक्यानेही जमिनीसाठी झगडा पाहिला आहे. महामुंबई सेझला विरोध झाला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ ला प्रामुख्याने पेणमधल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत मतपत्रिकेवर घ्यावं लागलं. तिथे गोळी चालली नाही. जासईची आठवण ताजी असलेल्या जिल्ह्यात ही लहान गोष्ट नाही.

पोस्ट शेअर करताना काय पाहाल?

तारीख तपासा: चिरनेर १९३० चं, जासई-पागोटे १९८४ चं. दोन्ही घटना एकाच पोस्टमध्ये मिसळलेल्या दिसल्या, तर दुरुस्त करा. फक्त 'अमर रहे' न लिहिता सगळी नावं लिहा. चिरनेरची यादी लिहिताना नाग्या महादू कातकरी यांच्याबद्दल आदिवासी समाज काय सांगतो, त्याचीही एक ओळ जोडा. आणि जमलं तर २५ सप्टेंबरला चिरनेरला जाऊन या. स्तंभावरची नावं तिथे मोठ्याने वाचली जातात, तेव्हा त्या आडनावांची माणसं समोर बसलेली असतात.