वाहनपरवान्याची वयोमर्यादा आणि घाटंजीचा किशोर चालक

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी मुलगा वाहन चालवावयास शिकतो, तो बहुधा घरच्याच गाडीवर आणि वडील वा थोरल्या भावाच्या देखरेखीखाली. परवाना मागाहून येतो. हा क्रम उलट का, याचा उलगडा मुलांच्या अवखळपणात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रस्तुत लेखकास तो कायद्याच्या इतिहासात अधिक सापडतो.

वऱ्हाडची घटनात्मक स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला, तरी त्यावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री अबाधित होते. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप चालत नसत. ते अधिसूचनेने लावावे लागत. ही अडचण मुख्यतः १९४१च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने दूर झाली. तेव्हा घाटंजी हा स्वतंत्र तालुका नव्हता. यवतमाळ, केळापूर, वणी, दारव्हा व पुसद एवढेच तालुके जिल्ह्यात होते. १९५६त विदर्भ मुंबई राज्यात आला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४०च्या मोटार नियमांची जागा पुढे मुंबईच्या १९५९च्या नियमांनी घेतली. राज्ये बदलली, नियमपुस्तके बदलली. अठरा वर्षांची अट मात्र १९१४च्या पहिल्या अखिल भारतीय कायद्यापासून १९३९च्या कायद्यातही टिकून राहिली.

१९८८चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाच्या परंतुकाने सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास 'विनागिअर' मोटारसायकल चालविण्याची मोकळीक दिली. सातव्या कलमाने अशा अल्पवयीनाच्या शिकाऊ परवान्यास पालकाची लेखी संमती आवश्यक ठरविली. पुण्याच्या किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२त आणलेली ५० घनसेंटिमीटरची लूना तोवर खेडोपाडी पोहोचलेली होती. कायद्याची भाषा आणि अंगणातील वाहन यांचा मेळ बसत होता. १९९४च्या दुरुस्तीने मात्र चौथ्या कलमातील 'विनागिअर' हे शब्द काढून 'इंजिनक्षमता ५० घनसेंटिमीटरहून अधिक नसलेली' असे शब्द घातले. सातवे कलम होते तसेच राहिले. एकाच कायद्यातील दोन कलमे तेव्हापासून एकाच मुलाविषयी दोन मापे वापरतात, हे नमूद करण्याजोगे आहे.

या दुरुस्तीचा हेतू वेगास आवर घालण्याचा असावा. परिणाम निराळा झाला. सोळा वर्षांच्या मुलास परवाना मिळू शकतो. पण त्या परवान्यावर चालविता येईल असे पेट्रोलचे वाहन बाजारात जवळपास उरले नाही. आज घरोघरी दिसणारी विनागिअर स्कूटर शंभर घनसेंटिमीटरच्या वरची आहे. महाविद्यालयास दूरच्या गावाहून यावयाचे, एस.टी.च्या फेऱ्या वेळेवर मिळत नाहीत, आणि घरी गाडी उभी आहे. अशा स्थितीत मुलगा किल्ली उचलतो, यात नवल ते काय?

ही किल्ली १ सप्टेंबर २०१९ पासून महाग झाली. त्या दिवशी अंमलात आलेल्या १९९अ कलमान्वये अल्पवयीनाने वाहनासंबंधी गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड; वाहनाची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द; आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. पालकाची संमती होती असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. ती नव्हती हे सिद्ध करण्याचा भार पालकावर. कापूस विकून गाडी घेणाऱ्या बापाने या वाक्याचा अर्थ मुलाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी समजून घेतला पाहिजे.

परवान्याचा विधी त्यामानाने सरळ आहे. चिन्हे व नियम यांची चाचणी, सहा महिन्यांचा शिकाऊ परवाना, गाडीवर पांढऱ्या पाटीवरील तांबडे 'एल' अक्षर, आणि तीस दिवसांनंतर निरीक्षकापुढे प्रत्यक्ष परीक्षा. जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी घरबसल्या देता येते. पक्क्या परवान्यासाठी मात्र प्रत्यक्ष हजर राहावे लागते. घाटंजीचा समावेश ज्या यवतमाळ कार्यालयाच्या कक्षेत होतो, त्याचा क्रमांक एम.एच. २९ आहे.

कायद्याचा निर्बंध 'सार्वजनिक ठिकाणी' चालविण्यावर आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. जेथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे तो रस्ता यात येतो. स्वतःच्या वावरातील तास येत नाही. म्हणून पंधरा वर्षांचा मुलगा धुऱ्याच्या आत ट्रॅक्टर हाकतो तेव्हा परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि तोच ट्रॅक्टर पांदणीतून डांबरी सडकेवर चढला की उद्भवतो.