कच्चा आवाज

मागच्या महिन्यात बारामतीला बहिणीकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, एक नवी रेकॉर्ड आलीय, ऐका." हार्डकोअर पंक नावाचं संगीत. दीड मिनिटाचं गाणं, करवतीसारखी गिटार आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारा गायक. मी म्हणालो, "अरे, निदान रेकॉर्डिंग तरी नीट करायचं!" तो हसला. "मामा, ते मुद्दामच कच्चं ठेवलंय."

मग त्यानं मला या संगीताचा इतिहास सांगितला. १९८०च्या सुमारास वॉशिंग्टनमधल्या 'टीन आयडल्स' या शाळकरी वयाच्या पोरांच्या बँडनं कार्यक्रमांचे पैसे साठवून आठ गाण्यांची छोटी तबकडी काढली. प्रती हजार. त्यासाठी 'डिस्कॉर्ड' ही कंपनीही घरचीच काढली. तबकड्यांची वेष्टनं मित्रांनी हातानं कापून, चिकटवून तयार केली. तबकडी हाती येईतो बँड मोडलाही होता; आवाज मात्र राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.नं इंदापूरला निघालो. वाटेत मी त्याला विचारलं, "अमर शेख माहीत आहेत?" त्यानं मान हलवली. नाही. २९ ऑगस्ट १९६९ रोजी याच इंदापूरजवळ मोटार अपघातात शाहीर गेले. तासाभराच्या अंतरावर वाढलेल्या पोराला ते ठाऊक नव्हतं. पण दोष त्याचा कसा? मी तरी कधी सांगितलं होतं?

बार्शीत १९१६ साली जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच अमर शेख. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, अशी कामं करत ते वाढले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सरकारनं बंदी घातली, तरी गाणं थांबलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजानं मैदानं दणाणली. पंकवाल्यांचे शब्द कळले नाहीत तरी चालतं. शाहिराचा शब्द मात्र शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्याला कळावाच लागतो. एवढा फरक सोडला, तर दोघांची जात एकच: गुळगुळीतपणाशी वैर.

इंदापुरात माझ्या वडिलांचे एक स्नेही आहेत, वय ऐंशीच्या पुढं. लहानपणी त्यांनी शाहिरांना ऐकलंय. आम्ही विषय काढताच ते सावरून बसले आणि गाऊ लागले. सूर हलत होता, मध्येच कडवं विसरलं, खोकल्याची उबळ आली, बाहेर ट्रॅक्टर गेला. भाच्यानं सगळं मोबाइलवर टिपून घेतलं.

परतताना त्यानं कानाला लावून ते दोनदा ऐकलं. मी म्हणालो, "तो खोकला तेवढा काढून टाक."

"नको मामा," तो म्हणाला, "राहू दे."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)