आफ्रिकेची सफारी : बरखेड्याहून निघताना जादा दिवसांचा हिशेब

1956 साली भोपाळमध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली आणि तिच्या कारखान्याभोवती बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा अशा वसाहती वसल्या. पुढे ‘भेल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या उद्योगात देशभरातून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा वसाहतीतील एखाद्या निवृत्त जोडप्याने भविष्य निर्वाह निधीतले काही पैसे बाजूला काढून केनियातील मासाई मारा पाहण्याचे ठरवले, तर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न सिंहाचा नसतो, दिवसांचा असतो. सहल कंपनीच्या पत्रकातील ‘सात दिवस’ आणि बरखेड्यातील घराला कुलूप लावल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंतचे दिवस यांत मोठे अंतर पडते.

भोपाळच्या राजा भोज विमानतळावरून आफ्रिकेस थेट विमान नाही. गोव्यातील प्रवाशाचीही अडचण तीच. मोपा वा दाबोळी येथून निघाले तरी मुंबई, दिल्ली किंवा आखाती देशातील एखादे विमानतळ गाठावेच लागते. बरखेड्याहून राणी कमलापती स्थानक जवळ असल्याने अनेकजण रेल्वेने मुंबई किंवा दिल्ली गाठण्याचा विचार करतात. खर्चाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मात्र रेल्वेचे आणि परदेशी विमानाचे तिकीट हे दोन स्वतंत्र करार असतात. गाडी पाच तास उशिरा पोहोचली, तर विमान कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. वेगवेगळ्या आरक्षणावर काढलेल्या दोन विमान तिकिटांनाही हाच नियम लागू होतो.

यात ऋतूची भर पडते. माराच्या परिसरात रानम्हशींसारखे दिसणारे विल्डबीस्ट आणि झेब्रे यांचे प्रचंड कळप साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात असतात. नेमका तोच मुंबईच्या पावसाचा काळ. दक्षिण सेरेंगेटीत याच कळपांची वासरे जन्मतात ती जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, आणि तेव्हा दिल्लीवर धुके असते. म्हणून जाताना एक रात्र मुंबईत वा दिल्लीत मुक्काम करणे ही चैन मानू नये. हा पहिला जादा दिवस टाळून वाचवलेले हॉटेलभाडे हुकलेल्या विमानापुढे अगदीच किरकोळ ठरते.

दुसरा जादा दिवस परतताना लागतो. नैरोबी ते मारा हे अंतर नारोकमार्गे मोटारीने पाच ते सहा तासांचे असून शेवटचा टप्पा खडबडीत आहे. जंगलातून निघून त्याच रात्री परतीचे विमान पकडण्याचा बेत कागदावर सुबक दिसतो, तथापि एक फुटलेले चाक तो मोडण्यास पुरेसे असते. नैरोबीत एक रात्र राहिल्यास शहराला लागून असलेले राष्ट्रीय उद्यान पाहता येते. शेल्ड्रिक संस्थेचे हत्तींच्या अनाथ पिल्लांचे केंद्रही तेथेच आहे. ते सकाळी 11 ते 12 असे एकच तास सर्वांसाठी खुले असते आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते. भारतीय वंशाची वस्ती मोठी असल्याने शाकाहारी जेवणाची या शहरात चिंता नाही.

जंगलातला जादा दिवस मात्र वेगळ्या हिशेबाने ठरवावा. 2024 पासून मासाई माराचे प्रवेशशुल्क परदेशी प्रौढ पर्यटकास जानेवारी ते जून दररोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दररोज 200 डॉलर आहे. तिकीट 24 तासांचे नसून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असे 12 तासांचे असते. आपले निवासशिबिर अभयारण्याच्या आत आहे की बाहेर, हे त्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच विचारावे. शिबिर बाहेर असेल, तर पोहोचण्याच्या दिवशी दुपारी चार वाजता दोन तासांच्या फेरीसाठी दोघांचे 400 डॉलर मोजण्यापेक्षा विश्रांती घेणे शहाणपणाचे. शिबिर आत असेल, तर निघण्याच्या दिवशी सकाळी दहापूर्वी फाटकाबाहेर पडावे, अन्यथा आणखी एका दिवसाचे शुल्क लागू होते.

तीन जंगलांत एकेक रात्र काढण्यापेक्षा एकाच जंगलात सलग तीन-चार रात्री राहणे कधीही श्रेयस्कर. नकाशावर मारा आणि टांझानियाचे सेरेंगेटी एकमेकांस चिकटलेले दिसतात, पण दोहोंमधील थेट सीमा पर्यटकांना बंद आहे. इसेबानियाची सीमाचौकी गाठून, वाहन बदलून जाण्यात जवळजवळ अख्खा दिवस मोडतो. शिवाय टांझानियाचा व्हिसा वेगळा.

सर्वांत गंभीर बाब लसीची. केनिया पीतज्वराच्या धोक्याच्या देशांत मोडतो. तेथून वैध प्रमाणपत्राविना भारतात परतणाऱ्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरले जाते आणि 2016 पासून ते आजीवन वैध आहे. ही लस अधिकृत केंद्रावरच मिळते. बरखेड्याच्या रहिवाशांना साकेत नगरातील एम्स सोयीचे, तर गोव्यातील प्रवाशांसाठी मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालय आहे. एकदा उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागत असल्याने लस सहसा ठरावीक वारीच दिली जाते. त्यामुळे निदान सहा आठवडे आधी चौकशी करावी.

साठी ओलांडलेल्यांनी येथे थांबून विचार करावा. या वयात पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळ असले, तरी त्यांचे प्रमाण तरुणांपेक्षा अधिक आढळते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्यांना ती बहुधा देतच नाहीत. डॉक्टरांचे सूटपत्र मिळू शकते, पण ते प्रत्येक सीमेवर मान्य होईलच असे नाही. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे, नंतर नव्हे. लस नको असा सल्ला मिळाल्यास दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर, नामिबिया किंवा बोत्स्वाना हे पर्याय आहेत. तेथे पीतज्वर नाही. मात्र स्वस्त तिकिटासोबत मिळणारा नैरोबी किंवा आदिस अबाबाचा ‘मोफत’ मुक्काम तेव्हा घेऊ नये. धोक्याच्या देशातील विमानतळावर 12 तासांहून अधिक काळ घालवला, तरी दक्षिण आफ्रिका तेच प्रमाणपत्र मागते.

हिवतापाच्या गोळ्यांचाही हिशेब दिवसांशी जोडलेला आहे. काही गोळ्या परतल्यानंतर सात दिवस, तर काही चार आठवडे घ्याव्या लागतात. वाढीव मुक्कामाचे दिवस धरूनच त्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. रक्तदाब-मधुमेहाची नेहमीची औषधे निदान आठवडाभर जास्त आणि हातातल्या पिशवीतच असावीत.

केनियासाठी प्रवासापूर्वी ऑनलाइन प्रवास परवाना घ्यावा लागतो. त्यात विमान आणि निवासाचा तपशील भरायचा असल्याने जादा रात्रींचे आरक्षण अर्जाआधीच करावे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तेथे 2017 पासून बंदी आहे, तेव्हा फराळ कापडी पिशवीत किंवा डब्यात बांधावा. नैरोबीहून छोट्या विमानाने जंगलात जायचे असल्यास सामान 15 किलोपर्यंत आणि मऊ पिशवीत लागते. आफ्रिका म्हणजे उष्मा, या समजुतीने स्वेटर घरी ठेवू नये; जुलैतील पहाटेची उघडी जीप भोपाळच्या डिसेंबरची आठवण करून देते.